मार खाणाऱ्याकडे पाहा: मार्शल आर्ट चित्रपटांतली खरी फाइट कशी ओळखायची

मारामारी सुरू झाली की नजर आपोआप मारणाऱ्यावर जाते. पाय किती उंच गेला, ठोसा किती झपकन आला, एवढं पाहून आपण खूश होतो. पण फाइट खरी की फसवी याचा निकाल बहुतेक वेळा समोरच्याच्या अंगावर लागलेला असतो. हवेत ठोसे मारायला नट काही आठवड्यांत शिकतो. तो ठोसा बसल्यासारखं नेमक्या क्षणी, नेमक्या दिशेला, आणि तेही टणक फरशीवर पडायला वर्षं लागतात. पुढे बऱ्याच तपासण्या दिल्या आहेत. त्यातली एकच लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा: मार खाणाऱ्याकडे पाहा.

सुरुवातीलाच एक गोंधळ निस्तरून टाकू. फाइट खरी आहे असं म्हणताना लोक तीन वेगळ्या गोष्टी एकत्र करतात. जोखीम खरी असू शकते, म्हणजे माणूस खरोखर त्या उंचीवरून पडला. कौशल्य खरं असू शकतं, म्हणजे ती लाथ त्याच माणसाने, त्याच वेगात, एका दमात मारली. आणि लढत खरी वाटू शकते, म्हणजे रस्त्यावर असंच घडेल असं वाटतं. यातली तिसरी गोष्ट सिनेमात क्वचित असते आणि तिची फारशी गरजही नाही. रस्त्यावरची मारामारी काही सेकंदांत संपते आणि त्यातला बराच वेळ दोघे एकमेकांची कॉलर धरून लोळत असतात. इथे आपण फक्त पहिल्या दोन गोष्टी तपासणार आहोत.

पाहण्याआधी

टीव्हीवर पाहणार असाल तर चित्र गुळगुळीत करणारी सोय आधी बंद करा. ती बहुतेक संचांत कारखान्यातूनच चालू येते. सोनीत तिला मोशनफ्लो, एलजीत ट्रूमोशन, सॅमसंगमध्ये ऑटो मोशन प्लस म्हणतात. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा, म्हणजे २४ स्थिर चित्रांचा असतो. ही सोय दोन फ्रेमच्या मधे स्वतःच्या मनाने फ्रेम बनवून घालते, त्यामुळे वेगात जाणारी मूठ फरकाटल्यासारखी दिसते आणि फ्रेम मोजण्यात काही अर्थ उरत नाही. संचात फिल्ममेकर मोड असेल तर तो लावला की काम झालं.

खरी तपासणी मात्र संगणकावरच होते. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये इंग्रजी ई ही कळ दाबली की चित्र एकेक फ्रेम पुढे सरकतं. यूट्यूबवर व्हिडिओ थांबवून पूर्णविरामाची कळ दाबली की एक फ्रेम पुढे आणि स्वल्पविरामाची दाबली की एक फ्रेम मागे. मोबाइलवर हे धड जमत नाही. यूट्यूबवरचे निवडक फाइटचे तुकडे तपासायला घेऊ नका. त्यांचा वेग बदललेला असतो, काहींवर ६० फ्रेमचा मुलामा चढवलेला असतो. ३० फ्रेमच्या प्रतीत दर चार फ्रेमनंतर एक फ्रेम दुप्पट होते, ती मोजणीतून वगळायची. आपल्याकडच्या जुन्या डीव्हीडी बहुधा २५ फ्रेमच्या असतात, म्हणून त्यांवर सिनेमा चार टक्के भरभर पळतो. पण मूळ फ्रेम तेवढ्याच असतात, म्हणून घड्याळ लावू नका, फ्रेम मोजा.

प्रत पूर्ण रुंदीची हवी. हाँगकाँगच्या शॉ ब्रदर्स या स्टुडिओचे सत्तरच्या दशकातले चित्रपट २.३५ ला १ अशा आडव्या चौकटीत चित्रित झाले आहेत. केबलवर आणि व्हीसीडीवर ते चौकोनी पडद्यासाठी कापून आले, त्यात जवळजवळ ४३ टक्के रुंदी गेली. दोघांची लढत असताना एकजण चौकटीबाहेर. मार खाणाराच दिसत नसेल तर तपासायचं काय? प्रत कापलेली नाही ना, तेही पाहा. थायलंडचा २००५ चा 'टॉम यम गूंग' अमेरिकेत 'द प्रोटेक्टर' नावाने आला तेव्हा त्यातली सुमारे २५ मिनिटं गायब होती आणि पार्श्वसंगीतही बदललेलं होतं.

शेवटची तयारी म्हणजे आवाज बंद करा. हाँगकाँगचे जुने चित्रपट मूक चित्रित होत आणि संवादापासून ठोशापर्यंत सगळा आवाज मागाहून भरला जाई. तो 'ढिशुम' इतका परिणाम करतो की न लागलेला ठोसाही आपल्याला लागल्यासारखा वाटतो. आवाज गेला की अर्ध्या फाइट तिथेच कोसळतात.

पहिली फेरी: कट मोजा

प्रसंग नेहमीच्या वेगात एकदा पाहा आणि दर कटला बोट टेबलावर आपटा. मग दुसऱ्यांदा पाहा आणि एका शॉटमध्ये किती वार होतात ते मोजा. दर वाराला एक कट असेल तर नटाला एका वेळी एकच हालचाल करावी लागली आहे, ती कुणालाही जमते. दोघांची डोक्यापासून पायापर्यंत आकृती दिसते आहे, एक तरी चेहरा ओळखू येतो आहे आणि कट न होता पाच-सहा वार-बचाव झाले, तर ते कौशल्य खरं. आठ-दहा झाले तर दोघंही पट्टीचे.

हाँगकाँगच्या फाइटला एक लय असते. वारांची झड, मग पूर्ण थांबा, एक पवित्रा, पुन्हा झड. तबल्याच्या तुकड्यासारखी ती समेवर येऊन थांबते. हे आपोआप झालेलं नाही. जॅकी चॅन, सॅमो हंग आणि युएन बियाओ हे तिघे लहानपणी यू जिम-युएन यांच्या पेकिंग ऑपेराच्या शाळेत वाढले. तिथली मारामारी ताशा-झांजांच्या ठोक्यावर बसवलेली असे. थांबा का महत्त्वाचा? कारण थांबताना तोल दिसतो. पाय उंच नेऊन तिथेच रोखणाऱ्याचा दुसरा पाय डगमगला नाही, तर ती लाथ त्याचीच. फसवी फाइट कधी थांबत नाही. थांबली तर उघडी पडते.

कॅमेरा हलतो म्हणजे फसवणूक, असंही समजू नका. इंडोनेशियातला 'द रेड' हा २०११ चा चित्रपट बराचसा हातातल्या कॅमेऱ्यावर आहे. दिग्दर्शक गॅरेथ इव्हान्स आणि फाइट बसवणारे इको उवैस व यायान रुहियान यांनी चित्रीकरणाआधीच सगळ्या मारामाऱ्या व्हिडिओवर शॉटवार बसवून पाहिल्या होत्या. कॅमेरा कधी कुठे वळणार हे ठरलेलं होतं. कसोटी एवढीच: वार लागतो त्या फ्रेमला दोन्ही शरीरं चौकटीत आहेत का? असतील तर हलू दे कॅमेरा. नेमक्या त्या क्षणी चित्र छताकडे किंवा कुणाच्या पाठीकडे जात असेल तर काहीतरी लपवलं जातं आहे.

दुसरी फेरी: लागला की नाही

इथे जरा सावकाश जाऊ, कारण सगळा खेळ इथेच आहे.

चेहऱ्यावरचा ठोसा जवळजवळ कधीच लागत नाही, लागूही नये. मूठ चेहऱ्यापुढून वीतभर अंतरावरून जाते. कॅमेरा एकाच्या खांद्यामागे, दोघांना जोडणाऱ्या रेषेजवळ लावला की ते अंतर दिसत नाही. म्हणून कॅमेरा कुठे आहे ते आधी पाहा. खांद्यामागे असेल तर ठोसा लागला नाही असंच धरून चाला. कॅमेरा बाजूला असेल, म्हणजे दोघं आपल्याला आडवे दिसत असतील, तर अंतर लपवता येत नाही. तिथे लाथ-ठोसा एकतर खरंच टेकतो, नाहीतर फट दिसते. हाँगकाँगवाले मुद्दाम बाजूने चित्रित करत, हेच त्यांचं वैशिष्ट्य.

पोट, छाती, दंड, मांडी इथे मात्र खरा स्पर्श असतो. कपड्याखाली पॅड असतात. पोटरीवर आणि कोपरापासून मनगटापर्यंतही असतात, कारण बचाव करताना सगळ्यात जास्त मार तिथे बसतो. आता एकेक फ्रेम पुढे सरका आणि या गोष्टी शोधा:

- लाथ बसते तिथलं कापड आत दबतं का. न लागलेल्या लाथेला कापड नुसतं वाऱ्याने हलतं.
- धूळ. बुटाला आणि कपड्याला पावडर लावलेली असते, म्हणजे वार लागला की तिचा फवारा उडतो. फवारा स्पर्शाच्याच फ्रेमला आणि स्पर्शाच्याच जागेवरून उडायला हवा. लाथेनंतर छातीवर बुटाचा ठसा उरला आणि पुढच्या शॉटमध्येही दिसला तर उत्तमच.
- गाल आणि केस. खऱ्या धक्क्याने मांस थरथरतं आणि केस डोक्याच्या मागे राहून मग येतात. मान स्वतःच्या ताकदीने वळवली तर गाल घट्ट राहतो.
- प्रतिक्रिया किती फ्रेमनंतर सुरू झाली. एक-दोन फ्रेममध्ये सुरू व्हायला हवी. स्पर्शाच्या आधीच डोकं निघालं असेल तर माणूस ठरवून पडला. चार-पाच फ्रेम उशीर झाला असेल तर मूठ गेल्यावर त्याला आठवलं.
- डोळे. खरा वार येताना पापण्या मिटतात. ते दाबायला फार सराव लागतो, म्हणून मिटलेले डोळे ही चांगली खूण आहे.

एक चलाखी माहीत असू द्या. वार लागण्याच्या क्षणी संकलक एक-दोन फ्रेम काढून टाकतो, म्हणजे मूठ अचानक पोचल्यासारखी वाटते. उलटही करतात: लांबच्या शॉटमधली शेवटची दोन-तीन फ्रेमची हालचाल जवळच्या शॉटमध्ये पुन्हा दाखवतात, त्यामुळे वार जड वाटतो. दोन्ही गोष्टी फ्रेम सरकवताना लगेच सापडतात. यातल्या कशानेही फाइट खोटी ठरत नाही. हा मसाला आहे. मसाल्याखाली भाजी आहे का तेवढं पाहायचं.

लाथ खाऊन हवेत आडवा गिरकी घेत पडणारा माणूस दिसला तर लक्षात घ्या की ती गिरकी लाथेने आलेली नाही. कुठल्याच लाथेत तेवढी ताकद नसते. ती गिरकी मार खाणाऱ्याने स्वतः घेतली आहे, उशी-गादीशिवाय, आणि पडताना लाथ मारणाऱ्याला श्रेय मिळेल अशा दिशेने. जॅकी चॅनच्या आणि सॅमो हंगच्या टोळ्यांतल्या स्टंटमनची कमाल इथे आहे. त्यांची नावं श्रेयनामावलीत बारीक अक्षरांत येतात.

तिसरी फेरी: वेग खरा का

हाँगकाँगमध्ये फाइट सेकंदाला २२ फ्रेमने चित्रित करून २४ ने दाखवायची पद्धत सर्रास होती. त्याने हालचाल ९ टक्के वेगवान होते आणि डोळ्याला खुपत नाही. २० फ्रेमने केली तर २० टक्के. १८ वर गेलं की ३३ टक्के, आणि तिथे माणसं चार्ली चॅप्लिनच्या काळातल्यासारखी तुरतुरू लागतात.

हे पकडायला गुरुत्वाकर्षण मदतीला येतं, कारण वस्तू पडायचा वेग कुठलाही फाइट मास्टर बदलू शकत नाही. पाऊण मीटर उंच टेबलावरून पेला खाली पडायला २४ फ्रेमच्या चित्रणात ९ ते १० फ्रेम लागतात. सव्वा मीटरवरून, म्हणजे साधारण छातीच्या उंचीवरून सुटलेल्या काठीला १२ फ्रेम. दोन मीटरला १५, तीन मीटरला १९. पाच मीटर पडायला जवळजवळ नेमका एक सेकंद जातो, म्हणून दुसऱ्या मजल्याच्या कठड्यावरून कुणी पडला तर मोजलेल्या फ्रेम म्हणजेच कॅमेऱ्याचा वेग. २० मोजल्या तर २० फ्रेमने चित्रण झालं. मोजण्यात एखाद्या फ्रेमची चूक होतेच, म्हणून टेबलावरच्या पेल्यावरून निकाल देऊ नका. जितकी उंची जास्त तितका हिशेब पक्का.

वस्तू पडत नसेल तर मागे चालणारी माणसं, ओढणी, ओघळणारं पाणी पाहा. हिरो झपाट्याने हात चालवतोय आणि मागची माणसंही घाईघाईने मान हलवताहेत, म्हणजे कॅमेरा मंद चालवला आहे.

वायर कुठे लपते

माणूस धावत येऊन उंच उडी मारतो तेव्हा त्याची कंबर अर्धा ते पाऊण मीटर वर जाते, फार झालं तर त्याहून थोडी जास्त. त्यात तो हवेत १५ ते १८ फ्रेम राहतो. पाय जमिनीवरून सुटल्यापासून टेकेपर्यंत मोजा. ३० फ्रेम भरल्या तर कंबर दोन मीटरच्या आसपास उडायला हवी होती. तशी उडाली नसेल तर वायर आहे, म्हणजे नटाला वरून दोराने टांगलं आहे, नाहीतर स्लो मोशन. स्लो मोशन असेल तर केस-कपडेही संथ हलतात, वायर असेल तर केस नेहमीच्या वेगाने उडतात आणि माणूस तेवढा तरंगतो.

बाकीच्या खुणा कमरेभोवती. हार्नेसचे, म्हणजे दोर अडकवायला कपड्याखाली बांधलेल्या पट्ट्याचे हुक दोन्ही बाजूंना कमरेवर असतात, त्यामुळे शरीर तिथून झोक्यासारखं फिरतं. अंगरखा कमरेशी चुरगळतो. उडी घेण्याआधी गुडघे वाकत नाहीत आणि उतरताना ते दबत नाहीत. लाथ खाऊन मागे फेकला जाणारा माणूस पाहा: लाथेने तो दुमडतो, पाय मागे अडखळतात आणि मग पडतो. दोन्ही पाय एकदम जमिनीवरून सुटले आणि हात-पाय पुढे राहून कंबर आधी मागे गेली, तर मागून कुणीतरी दोर खेचला आहे.

नव्वदच्या दशकाआधी वायर बारीक ठेवावी लागे, कारण ती संगणकावर पुसता येत नसे. पाठीमागून प्रकाश असेल तर जुन्या चित्रपटांत ती चमकून जाते. पुढे ती डिजिटल पद्धतीने पुसता येऊ लागली आणि दोर जाड झाले. वायर दिसली म्हणून नाक मुरडण्याचं मात्र कारण नाही. 'वन्स अपॉन अ टाइम इन चायना' या १९९१ च्या चित्रपटातली शिड्यांवरची लढत वायरवर आहे. नायक जेट लीचा घोटा चित्रीकरणात दुखावल्यामुळे तिच्यात हुंग यान-यान या डुप्लिकेटनेही काम केलं. तरी ती कल्पकतेसाठी दहादा पाहावी. फक्त तिला खऱ्या जोखमीच्या खात्यात टाकू नये.

डुप्लिकेट, काच आणि पडझड

डुप्लिकेट ओळखायला कान आणि केसांची रेषा पाहा. चेहरा वळवता येतो, विग घालता येतो, कान बदलत नाही. कोलांटीच्या आधी चेहरा, मग कट, मग पाठ, मग कट, मग पुन्हा चेहरा अशी साखळी दिसली की मधला माणूस दुसरा. यात मोठमोठी नावं आहेत. 'एंटर द ड्रॅगन'मध्ये (१९७३) ब्रूस लीच्या लाथा-ठोसे त्याचेच आहेत, पण कोलांट्या युएन वाह या स्टंटमनच्या आहेत. लढवय्या आणि कसरतपटू या दोन वेगळ्या विद्या आहेत, ब्रूस लीने दुसरीचा दावा केला नव्हता. त्याच चित्रपटात ब्रूस ली ज्याची मान मोडतो असा एक किरकोळ गुंड आहे. तो तरुण जॅकी चॅन.

काच फुटली की तुकडे पाहा. स्टंटसाठीची काच पूर्वी साखरेची करत, आता राळेची करतात. ती चुऱ्यासारखी सुटते. गाडीच्या बाजूच्या खिडकीसारखी टफन केलेली काच बारीक चौकोनी दाण्यांत फुटते. साधी खिडकीची काच लांब, टोकदार सुरे बनून पडते आणि तिच्यातून माणूस ढकलणं म्हणजे गुन्हाच. १९८५ च्या 'पोलीस स्टोरी'मध्ये शेवटच्या मॉलमधल्या मारामारीसाठी नेहमीपेक्षा जाड साखरी काच वापरली, ती फुटते तेव्हा वजन जाणवतं. त्यात इतकी काच फुटली की चित्रपटाला 'ग्लास स्टोरी' म्हणायचे. लाकडी खुर्ची दरवेळी त्याच जागी सरळ रेषेत मोडत असेल तर ती आधीच करवतून ठेवली आहे.

उंचावरून पडण्याची कसोटी सोपी आहे: वरून निघाल्यापासून जमिनीला लागेपर्यंत कट आहे का. बहुतेक चित्रपटांत जमिनीच्या थोडं आधी कट होतो, कारण खाली पुठ्ठ्याचे खोके रचलेले असतात. 'प्रोजेक्ट ए'मध्ये (१९८३) जॅकी चॅन घड्याळाच्या मनोऱ्यावरून दोन कापडी छतांमधून खाली येतो तो थेट जमिनीपर्यंत एकाच शॉटमध्ये. कापडी छतं वेग थोडा तोडतात, पण पडणाऱ्याची दिशाही बिघडवतात, आणि तीच त्यातली भीती. 'पोलीस स्टोरी'त तो दिव्यांच्या माळा गुंडाळलेल्या खांबावरून घसरत खाली येतो. दिव्यांनी खांब तापला होता, त्याचे तळहात भाजले. हे दृश्य वेगवेगळ्या कोनांतून पुन्हा दाखवलं आहे. असा पुन्हा दाखवलेला स्टंट दिसला की समजावं, दिग्दर्शक पुरावा देतो आहे. थायलंडचा नट टोनी जा याच्या 'ओंग-बाक'मध्ये (२००३) वायर आणि संगणकी चित्रांशिवाय केलेल्या उड्या अशाच दोन-दोनदा येतात.

पडणाऱ्या जमिनीचाही माग ठेवा. आधीच्या शॉटमध्ये टणक असलेली माती पडायच्या शॉटमध्ये भुसभुशीत दिसते, गालिचा अचानक जाड होतो, फरशीवर अकारण भुसा येतो. चांगल्या फाइटमध्ये जमीन शेवटपर्यंत तीच राहते आणि माणूस तिच्यावर पाठ सपाट टाकून आदळतो.

न कापलेला लांब शॉट

कट नाही म्हणजे सगळं खरं, हा समज आता जुना झाला. 'टॉम यम गूंग'मध्ये टोनी जा हॉटेलच्या गोल जिन्यावरून मजल्यामागून मजले चढत जवळजवळ चार मिनिटं मारत जातो. ते फिल्मवर आहे आणि ३५ मिमीच्या ४०० फुटी रिळात साडेचार मिनिटंही बसत नाहीत. शेवटी त्याची दमछाक पाहा. सुरुवातीच्या लाथांपेक्षा शेवटच्या लाथा खाली येतात. हाच पुरावा. कोरियाच्या 'ओल्डबॉय'मधला (२००३) बोळातला प्रसंगही खराखुरा एक शॉट आहे. तीन दिवसांत १७ टेक झाले आणि संगणकाने फक्त पाठीतला सुरा घातला.

डिजिटल कॅमेरा आल्यावर तुकडे शिवून एक शॉट बनवणं सोपं झालं. 'एक्स्ट्रॅक्शन'मधला (२०२०) ढाक्यातला बारा मिनिटांचा प्रसंग, ज्याचा बराच भाग अहमदाबादेत चित्रित झाला, असाच शिवलेला आहे. शिवण शोधायच्या जागा ठरलेल्या आहेत: कॅमेरा खांबामागून जातो तेव्हा, कुणाची पाठ चौकट भरून टाकते तेव्हा, झटक्यात वळून चित्र पुसट होतं तेव्हा, काळोखी दारातून आत शिरतो तेव्हा. शिवणीच्या दोन्ही बाजूंना घाम, धूळ आणि श्वास जुळतो का ते पाहा. दमलेला माणूस खांब ओलांडताच ताजातवाना झाला तर तिथेच जोड आहे.

एकाला दहाजण

इथे मधल्या दोघांना सोडा आणि मागे ताटकळणाऱ्यांकडे पाहा. वाईट फाइटमध्ये ते जागच्या जागी मुठी हलवत पाळीची वाट बघतात. चांगल्यात त्यांना थांबायला कारण दिलेलं असतं: कुणी पडलेल्याला अडखळतो, कुणी खुर्ची उचलायला वळतो, कुणाला मधे टेबल आडवं येतं. सगळ्यात पक्का उपाय म्हणजे जागाच अरुंद निवडायची. 'द रेड'मधल्या बोळात एका वेळी दोघांच्या वर कुणी पुढे येऊच शकत नाही. आपल्याकडचा 'किल' धावत्या रेल्वेच्या डब्यात घडतो, त्यालाही हाच फायदा मिळाला.

हत्यारांचं वजन

हत्यार खरं आहे का हे त्याच्या थांबण्यावरून कळतं. जड हत्यार फिरवणं सोपं, रोखणं अवघड. पोलादी तलवार थांबवताना खांदा आणि कंबर दोन्ही कामाला लागतात, हलकी ॲल्युमिनियमची तलवार मनगटावर थांबते. चिनी वूशूच्या प्रात्यक्षिकांतलं पातळ पातं थांबताना थरथरतं आणि खळखळतं, ते नकली नसतं पण लढाईचंही नसतं. कोल्हापूरच्या तालमींत किंवा शिवजयंतीच्या मिरवणुकीत मर्दानी खेळ पाहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. दांडपट्ट्याचा खोबळा कोपरापर्यंत येतो आणि मनगट बांधून टाकतो, त्यामुळे पट्टा खांद्यातून आणि कमरेतून फिरतो. ऐतिहासिक चित्रपटात कुणी पट्टा मनगटाने गरागरा फिरवताना दिसला की तो पट्टा आणि तो पटाईत दोन्ही हलके.

दोन हत्यारं एकमेकांवर आपटतात तेव्हा त्यांच्या उसळीकडे लक्ष द्या. लाकडी काठ्या उसळतात, फोम भरलेल्या चिकटल्यासारख्या थांबतात.

कुठून सुरुवात करावी

नजर तयार करायला हा क्रम बरा. आधी 'वे ऑफ द ड्रॅगन' (१९७२) मधली ब्रूस ली आणि चक नॉरिस यांची लढत: शॉट लांब, शरीरं पूर्ण, दोघेही खरे लढवय्ये. कलोसियम मात्र बरंचसं हाँगकाँगच्या स्टुडिओत उभारलेलं आहे. मग 'व्हील्स ऑन मील्स' (१९८४), बार्सिलोनात चित्रित. त्यात जॅकी चॅनसमोर बेनी उर्किडेझ हा खरा किकबॉक्सर आहे आणि त्याच्या एका लाथेच्या वाऱ्याने मेणबत्त्यांची रांग विझते. ती फ्रेम सरकवून पाहा. मग लाउ कार-लेउंग यांच्या 'थर्टी-सिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन'मधलं (१९७८) प्रशिक्षण, हत्यारांचं वजन समजायला. त्यानंतर 'एसपीएल' (२००५) मधली डॉनी येनचा दंडुका विरुद्ध वू जिंगचा सुरा ही गल्लीतली लढत. ती बरीचशी जागेवर उत्स्फूर्तपणे केलेली आहे, म्हणून तिच्यात लय मधेच तुटते आणि दोघांच्या डोळ्यांत खरी सावधगिरी दिसते.

शेवटी 'ड्रंकन मास्टर २' (१९९४). त्यातला निखाऱ्यांवरून मागे सरकण्याचा शॉट पाहताना निखारे खरेच आहेत हे ध्यानात ठेवा, आणि समोर लाथा झाडणारा केन लो एका पायावर किती वेळ उभा राहतो ते मोजा. चित्रपट संपला म्हणून लगेच बंद करू नका. जॅकी चॅन श्रेयनामावलीबरोबर फसलेले टेक दाखवतो. त्यात कुठला स्टंट कितव्यांदा जमला, गादी कुठे होती, कुणाला खरंच लागलं, हे सगळं उघड दिसतं. वरच्या तपासण्यांतून काढलेले तुमचे निष्कर्ष तिथे ताडून पाहता येतात.